हाताला येतं, पण कागदावर कुठं आहे?

परदेशी जायचं म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर चर्चा असते ती जीआरई आणि एमएसची. आयटीआयवाल्यांची वाट कशी असते, हे मला माझा मावसभाऊ ऑस्ट्रेलियाच्या मागे लागला तेव्हा कळलं. दादा इलेक्ट्रिशियन. २०१२ साली आयटीआय पास, एनसीव्हीटीचं प्रमाणपत्र, मग एक वर्ष ॲप्रेंटिस. पॅनेल वायरिंग असं करतो, की आपल्या लॅबमध्ये नमुना म्हणून ठेवावं!

पण तिथल्या कायमच्या स्किल्ड व्हिसासाठी आधी 'स्किल्स असेसमेंट' करून घ्यावं लागतं. इंजिनीअर असाल तर ते 'इंजिनीअर्स ऑस्ट्रेलिया' करते. इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर असाल तर 'ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया', म्हणजे टीआरए. दारं वेगळी. बी.ई.ची डिग्री आहे म्हणून टीआरए तुम्हाला इलेक्ट्रिशियन मानेल, असं नाही.

प्रमाणपत्र तर होतं. गाडी अडली अनुभवावर. टीआरएला पगारी कामाचा पुरावा लागतो, आणि काम अलीकडचंही हवं. कंपनीच्या लेटरहेडवर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, हुद्दा, कामाचे तास, आणि मुख्य म्हणजे रोज नेमकं काय काम केलं ते. त्याला आधार म्हणून पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, फॉर्म १६, पीएफचं पासबुक.

२०१३ ते २०१७ दादा एका ठेकेदाराकडे होता. पगार रोख, सही हजेरी वहीत, वही ठेकेदाराच्या कपाटात. मागायला गेला तर पत्र मिळालं, "मुलगा मेहनती व निर्व्यसनी आहे." स्थळ बघायला चालेल असं पत्र! त्यात ना कंड्युट, ना अर्थिंग, ना मेगर टेस्ट. ती चार वर्षं सोडूनच द्यावी लागली. पुढच्या कारखान्यात पगार बँकेत यायचा, पण स्लिपेवर हुद्दा 'हेल्पर'. शेवटी तिथल्या मेंटेनन्स इंजिनीअरनं दादा खरोखर करत होता त्या कामांची यादी पत्रात लिहून दिली, तेव्हा फाईल उभी राहिली.

आपल्या वर्कशॉपमधले आणि हॉस्टेलचे वायरमन काका हे वाचत असतील तर त्यांना माझं एवढंच सांगणं, काका, अनुभवाचं पत्र नोकरी सोडतानाच घ्या आणि त्यात कामं लिहून घ्या. नंतर ठेकेदार फोन उचलत नाही. मराठीतल्या कागदांना इंग्रजी भाषांतरही जोडावं लागतं.

कागद पटले की इलेक्ट्रिशियनला प्रात्यक्षिक द्यावं लागतं. दादाला त्याची धास्ती नाही. "अरे, तेवढंच तर येतं मला," म्हणतो. त्यात पास झालं की 'ऑफशोअर टेक्निकल स्किल्स रेकॉर्ड' मिळतो. पण तो म्हणजे लायसन्स नव्हे. तिथं पोचल्यावर आधी लायसन्सवाल्याच्या देखरेखीखाली काम करायचं, तिथल्या वायरिंगच्या नियमांचं उरलेलं प्रशिक्षण पुरं करायचं, आणि मग त्या त्या राज्याकडे लायसन्ससाठी पुन्हा अर्ज.