दोन जुन्या गोष्टींची जोड : तिला शोध केव्हा म्हणायचे?

पेन्सिलीच्या टोकाला खोडरबर बसवण्याचे पेटंट अमेरिकेत हायमन लिपमन यांनी १८५८ साली मिळवले. १८७५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते अवैध ठरवले. कारण साधे होते. जोडल्यावरही पेन्सिल लिहीतच होती, रबर खोडतच होते. जोडीतून तिसरे काही निपजले नव्हते.

आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातही हे तत्त्व आहे. माहीत असलेली साधने नुसती एकत्र मांडली आणि ती आपापले काम जुन्याच रीतीने करत राहिली, तर तो शोध नव्हे. तसेच त्या विषयातील जाणकाराला जी गोष्ट सहज सुचली असती, तिलाही पेटंट मिळत नाही.

पण ‘सहज सुचणे’ ठरवायचे कसे? पुण्याच्या बजाज ऑटोचे उदाहरण पाहू. इंजिनात ठिणगी पडली की तिथून ज्योत पसरत जाते. मिश्रणात पेट्रोल कमी असेल, तर ती सावकाश पसरते. बजाजने लहान व्यासाच्या सिलिंडरात समोरासमोर दोन स्पार्क प्लग बसवले. ज्योतीला कापायचे अंतर कमी झाले. २००२ साली अर्ज केलेले हे पेटंट २००५ मध्ये मिळाले.

२००७ मध्ये टीव्हीएसने दोन प्लगांची ‘फ्लेम’ आणली आणि वाद मद्रास उच्च न्यायालयात गेला. टीव्हीएस म्हणे, दोन प्लग होंडाच्या जुन्या अमेरिकी पेटंटातच आहेत. बजाज म्हणे, लहान सिलिंडरात मिळालेला परिणाम नवा आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये एका न्यायमूर्तींनी टीव्हीएसला मनाई केली. मे २००९ मध्ये खंडपीठाने ती उठवली. २०१९ मध्ये कंपन्यांनी तडजोड केली.

हा प्रश्न केवळ मोठ्या कंपन्यांचा नाही. पेटंट म्हणजे वीस वर्षांची मक्तेदारी. ती सैल हाताने वाटली, तर यवतमाळ जिल्ह्यातल्या लोहारालाही डवऱ्याला खताचे चाडे जोडण्यासाठी परवानगी मागावी लागेल. फार कडकपणे नाकारली, तर वर्षानुवर्षे खपणाऱ्या संशोधकाच्या हाती काही उरणार नाही.

वर्गात हाच डवरा घ्यावा, असे आम्ही सुचवतो. डवरणी आणि खत देणे एका फेरीत झाले, एवढेच घडले का? की डवरा उचलताच खत आपोआप थांबते, असे काही नवे साधले? आणि तेही कसबी लोहाराला सहज सुचले असते का? मुलांना दोन्ही बाजूंनी वाद घालू द्यावा. न्यायालयांपुढेही नेमके हेच प्रश्न असतात.