शाळा दोनदा उघडते!

गेल्या वर्षी माझ्या पुतणीची जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर नेमणूक झाली. अर्ज, परीक्षा, गुणवत्ता यादी असे सगळे सोपस्कार ‘पवित्र’ पोर्टलवर यथासांग पार पडले आणि साताऱ्याच्या मुलीला जिल्हा मिळाला यवतमाळ! वहिनींनी पेढे आणण्याआधी नकाशा काढला. पांढरकवडा सापडेपर्यंत त्यांचा चेहरा पार उतरला होता. तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची (2023 साली ते 16,000 रुपये झाले, हे त्यातल्या त्यात बरे!), आणि तीही इतक्या लांब? “भाऊजी, तुम्ही तिकडे उभा जन्म काढलात. पोरीला चार गोष्टी सांगून ठेवा,” असे त्यांनी मला बजावले. चार म्हणता म्हणता त्या बऱ्याच झाल्या. ज्यांच्या घरची मुलगी किंवा सून अशीच परमुलखात मास्तरकीला निघाली असेल, त्यांच्या उपयोगी पडतील म्हणून इथे मांडतो.

पहिली गोष्ट हवेची. उरलेल्या महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्याला भरते; विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे ती आणखी आठवडाभर तरी उशिरा उघडते. म्हणजे नेमकी पेरणीच्या तोंडावर! आईबाप शेतात, मोठी मुले त्यांच्या हाताखाली आणि मधली मुलगी धाकट्याला सांभाळत घरी. नवी बाई हजेरीपट उघडून बसते आणि समोर वर्ग अर्धा रिकामा. अशा वेळी निरोपावर निरोप धाडू नयेत. सकाळी लवकर उठून सरळ धुऱ्यावर जावे, चार शब्द पाऊसपाण्याचे बोलावे, मग लेकराचा विषय काढावा. धाकट्याला कडेवर घेऊन मुलगी शाळेत आली, तर त्यालाही एक पोते अंथरून द्यावे. तो रडेल, वर्गात लुडबुड करेल. पण त्याला बाहेर काढले की बहीणही गेलीच म्हणून समजा.

आता भाषेविषयी, आणि इथे मला जरा ऐसपैस बोलू द्या. आपण समजतो की मराठी शाळेत येणारे मूल मराठी बोलणारच. यवतमाळच्या गावात मूल ‘मले’, ‘तुले’ म्हणते, ‘का’च्या जागी ‘काहून’ विचारते. नवी बाई हसते, किंवा लगेच सुधारते. दोन्ही सारखेच वाईट. ज्या ‘लीळाचरित्रा’ने मराठी गद्याचा पाया घातला, ते याच मुलखात, अमरावतीकडच्या रिद्धपुरात लिहिले गेले, हे पुण्यासाताऱ्याकडच्या माणसाने मनात असू द्यावे. पुस्तकी मराठी यायलाच हवी, पण ती आधीच्या बोलीशेजारी बसवावी, तिच्या डोक्यावर नव्हे.

पुसद-दिग्रसकडच्या तांड्यावरचे मूल घरी बंजारा बोली बोलते. त्याची भाकरी ‘बाटी’ असते, मुलगी ‘छोरी’ असते. ही बोली आपल्या भाषेच्या जवळची. कान दिला की महिन्याभरात उमगते. पण केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या बाजूच्या कोलाम पोडावर गेलात, तर पायाखालची जमीनच बदलते. कोलामी ही द्रविड कुळातली, तेलुगू-गोंडीच्या नात्यातली भाषा. तिला स्वतःची लिपी नाही. तिच्यात पाण्याला म्हणतात ‘ईर’ आणि विस्तवाला ‘किस’. आपल्याला ‘किस’ म्हटल्यावर खोबरे आठवते! मग त्या सहा वर्षांच्या जिवाला आपले ‘अननस’ आणि ‘आगगाडी’ ऐकून काय वाटत असेल?

माझाच एक अपराध सांगतो. तरुणपणी अशाच एका पोडावरच्या शाळेत दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. जून गेला, जुलै गेला, तोंडातून एक शब्द नाही. मी तिला मठ्ठ ठरवले आणि तपासणीच्या कागदावर तसे लिहूनही टाकले. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मुले आपापले लाकडी बैल घेऊन जमली. ही मागे उभी राहून धाकट्या भावाला बैलाचे एकेक अंग दाखवीत भराभर काहीतरी सांगत होती. इतके की तो पोटभर हसत होता. मुकी नव्हती, मठ्ठ तर मुळीच नव्हती. बहिरा मी होतो. दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याकडून शब्द शिकू लागलो. पण उशीर झाला होता. दिवाळीनंतर ती कापूस वेचायला गेली, ती शाळेत परत आलीच नाही. कागदावरचा माझा शेरा तेवढा राहिला.

म्हणून पुतणीला सांगितले, की पहिल्या पंधरवड्यात पुस्तक उघडलेस नाहीस तरी चालेल. प्रत्येक मुलाचे घरातले नाव आणि त्याच्या भाषेतले वीस शब्द वहीत उतरवून घे.

राहण्याचा प्रश्न मात्र नाजूक. तालुक्याला बिऱ्हाड करून रोज ‘अपडाऊन’ करणारे शिक्षक पुष्कळ. लोक त्यांना नावे ठेवतात. पोडावर भाड्याची खोलीच मिळत नाही, हेही खरे. तेव्हा जवळच्या मोठ्या गावी राहावे, पण पावसाळ्यात नाल्याला पूर आला की शाळा कशी चालेल, हे पालकांशी आधीच बोलून ठेवावे.

आणि आता दिवाळी. इतर ठिकाणी शाळा वर्षातून एकदा उघडते. यवतमाळ जिल्ह्यात दोनदा! कारण जूनमध्ये जमवलेली मुले दिवाळीनंतर पुन्हा जमवावी लागतात. कपाशी फुटलेली असते, वेचणीची मजुरी किलोवर मिळते, आणि लहान हातही किलो भरतात. पुसद-उमरखेड भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घरी येऊन पडलेली असते, मुलाला मागे ठेवायचे तर कोणाकडे? आजी असेल तर तिला गाठावे. हंगामी वसतिगृहाची योजना अशा मुलांसाठीच आहे. तिची चौकशी टोळी निघाल्यावर नव्हे, दसऱ्यालाच करावी. मूल जाणारच असेल, तर ‘शिक्षण हमी कार्ड’ सोबत द्यावे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे दाखला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला कोणतीही शाळा परत पाठवू शकत नाही, मग वर्षाचा मध्य का असेना. हे वाक्य बापाला दोनदा म्हणून दाखवावे. गावोगाव फिरणाऱ्या माणसाला कोणत्या दारात काय म्हणायचे, ते ठाऊक असले म्हणजे धीर येतो.

पुतणी सध्या दिवाळीला घरी आली आहे. वहिनींनी चकल्यांचे डबे भरून ठेवलेत, पण पोरीने परतीचे तिकीट भाऊबीजेच्या दुसऱ्याच दिवसाचे काढले आहे. शाळा उघडायला तर अजून अवकाश आहे. “एवढी कसली घाई?” म्हणून वहिनी रुसून बसल्या. तिने वही उघडून दोन नावे दाखवली. दोघी बहिणी, तिसरीत आणि पाचवीत. दोघींना यंदा वेचणीला न्यायचे, असे घरात बोलणे झाले आहे म्हणे.

वहिनींनी मुकाट्याने आणखी एक डबा काढला.