लिव्हर मोठं आहे, पण काम किती करतंय?

मी कोड लिहिणारा माणूस, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण आजचा विषय मोजमापाचा आहे, म्हणून घेतोय.

समजा एखाद्याच्या लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ आहे. सर्जन ती आजूबाजूच्या भागासकट काढणार. लिव्हर पुन्हा वाढतं, हे आपण ऐकलेलं असतं. पण ते वाढेपर्यंत उरलेल्या तुकड्याला एकट्यानं सगळा गाडा ओढायचा असतो. तो कमी पडला तर लिव्हर फेल होऊन पेशंट दगावू शकतो. मग आधीच कसं ओळखायचं, तो पुरेल का?

नेहमीची पद्धत म्हणजे सीटी स्कॅनवरून आकार मोजायचा. निरोगी लिव्हरचा साधारण २० ते ३० टक्के भाग उरला तरी चालतं, सिरोसिस असेल तर ४० टक्के तरी हवा, असा अंदाज धरतात. गोची अशी की आजारी लिव्हर सगळीकडे सारखंच खराब असेल असं नाही. आणि बिलिरुबिन, आयएनआर, चाइल्ड-प्यू स्कोअर हे सगळे अख्ख्या लिव्हरचा मिळून एक आकडा देतात. दहा सर्व्हर चालू आहेत एवढं कळतं, लोड कोण घेतंय ते नाही.

इथं न्यूक्लिअर मेडिसिन कामाला येतं. मेब्रोफेनिन नावाच्या औषधाला टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सर्गी अणू जोडून शिरेतून इंजेक्शन देतात. लिव्हरच्या पेशी बिलिरुबिन ज्या वाटेनं आत घेतात, जवळपास त्याच वाटेनं हे औषधही घेतात आणि पित्तात सोडतात. गॅमा कॅमेरा पहिल्या काही मिनिटांत बघतो, की कुठला भाग ते किती वेगानं ओढतोय. मग फक्त मागे राहणाऱ्या भागाचा हिशोब काढायचा: मिनिटाला किती टक्के, तोही शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे. अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी यासाठी २.७ ही सीमा मांडली. त्याखाली धोका वाढतो. मला आवडलं ते हे, की लिव्हर निरोगी असो वा आजारी, सीमा एकच! कारण इथं थेट कामच मोजलंय.

याचा खरा उपयोग आल्प्स नावाच्या दोन टप्प्यांच्या ऑपरेशनमध्ये दिसला. पहिल्या टप्प्यानंतर उरणारा भाग आठवडा-दोन आठवड्यांत भराभर वाढतो. सीटी बघून वाटतं, चला, झालं काम. स्कॅन केल्यावर कळलं की आकार वाढला तरी काम त्या वेगानं वाढत नाही. अशा वेळी दुसरा टप्पा पुढे ढकलणं शहाणपणाचं.

अडचणी आहेतच. कावीळ जास्त असेल तर बिलिरुबिन त्याच वाटेवर गर्दी करतं आणि आकडा खोटा कमी येतो. जपानमध्ये जीएसए नावाचं दुसरं औषध वापरतात, ते पेशीवरच्या वेगळ्याच रिसेप्टरला चिकटतं, म्हणून त्याला हा त्रास फारसा नाही.

मेब्रोफेनिन आपल्याकडेही नवीन नाही. हायडा स्कॅन ऐकलंय ना? पित्ताशयासाठी किंवा तान्ह्या बाळाच्या काविळीसाठी करतात तो. औषध त्याच जातीचं, गणित वेगळं. म्हणून घरात कुणाचं मोठं लिव्हर ऑपरेशन ठरलं, तर सर्जनना विचारा: उरणाऱ्या भागाचं फक्त आकारमान मोजलंय, की कामही? आणि किरणांची धास्ती असेल तर, टेक्नेशियम-९९एम दर ६ तासांनी निम्मं होतं. स्कॅनआधी काही तास उपाशी मात्र राहावं लागतं.