बाई, जुनं पनवेल कुणाला दिलं?

मैत्रिणींनो, बालवाडीतल्या गमती सांगायला बसलं की चहा निवतो, पण गमती संपत नाहीत. आमची बालवाडी पनवेलची. मुलं तीन ते पाच वर्षांची. कुणी आगरी-कोळी घरातलं, कुणी बाजारातल्या दुकानदाराचं, कुणी वडिलांच्या बदलीमुळे घाटावरून आलेलं. नावं मुद्दामच देत नाही. का, ते पुढे येईलच.

एकाला विचारलं, "तुझे बाबा काय करतात रे?"

"लोकल पकडतात."

"आणि मग?"

"मग काय! रोज पकडतात, तरी रोज सुटते."

पनवेल-मुंबई करणाऱ्या माणसाची सबंध नोकरी या पोराने एका वाक्यात सांगून टाकली की नाही?

दुसरा किस्सा जोड्यांचा. कोंबडी-कोंबडा, चिमणी-चिमणा असं चाललं होतं. एक बाई (वय वर्षे चार) भिंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि पालीचा बाबा पाला!" लगेच शेजारणीचा चेहरा पडला. "बाई, मग बकरी पालीच्या बाबांना खाते?"

पनवेल गाढी नदीच्या काठी आहे असं सांगितलं, तर एकाने शंका काढली, "गाडीला चाकं कुठायत?" मी तोंड उघडण्याआधीच मागून गंभीर उत्तर आलं, "पाण्याखाली असतात."

आपण हसतो. हसू येणारच हो! पण जरा बारकाईने बघा. 'कोंबडी-कोंबडा' यावरून 'पाल-पाला' काढणाऱ्या मुलीने नियम शोधला आणि तो बिनचूक चालवला. चुकली असेल तर आपली भाषा! 'बसला', 'हसला', 'पडला' ऐकणारं मूल 'मुंगळा मरला' म्हणतं, 'मी चित्र करलं' म्हणतं. घरात कुणीच 'करलं' म्हणत नाही, म्हणजे हे ऐकून आलेलं नाही. मुलाने ते स्वतःच्या डोक्याने बनवलं आहे. कर्नेई चुकोव्हस्की या रशियन लेखकाने दोन ते पाच या वयातल्या मुलांची असली वाक्यं वर्षानुवर्षं जमवली आणि त्यांचं पुस्तकच केलं. या वयात मूल भाषेच्या बाबतीत किती बुद्धिमान असतं, हे त्याला त्यातून दाखवायचं होतं.

तेव्हा 'करलं' ऐकलं की "असं नाही म्हणायचं!" म्हणून दटावू नका. "अरे वा, चित्र केलंस? दाखव बघू," एवढं पुरतं. बरोबर शब्द त्याच्या कानावर पडतो आणि बोलणंही तुटत नाही.

घरच्या बोलीचं मात्र निराळं आहे. ती चूक नव्हेच. घोड्याचं चित्र पाहून एकजण आनंदाने "घोरा!" ओरडला, तर दोघं-तिघं फिदीफिदी हसले. आगरी बोलीत घोड्याला घोराच म्हणतात, त्याच्या आजीचा घोडाही घोराच आहे. मी सगळ्यांना सांगितलं, याच्या घरी घोरा, तुमच्या घरी घोडा, गुजरातीत घोडो. मग अर्धा तास वर्गभर तिन्ही जनावरं दौडत होती, आणि पुढे धावणारा होता तो घोरावाला.

यात माझी काही नवी अक्कल नाही. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलं, 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, आणि 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडला या दोघींनी वारली मुलांमध्ये काम केलं. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, शंख-शिंपले घ्यायचे, अशी त्यांची रीत. मूल जिथून आलं तिथूनच त्याचं शिकणं सुरू करायचं.

आता ती नावांची गोष्ट. आमच्याकडची एक मुलगी भारी बोलकी. एकदा तिने विचारलं, "नवीन पनवेल आलं, मग जुनं कुणाला दिलं?" तिचे जुने फ्रॉक धाकट्या मामेबहिणीला जातात, त्यावरून हा विचार! मी सांगितलं, जुनं कुणाला दिलं नाही, आपण त्यातच बसलोय. नवं रुळांच्या पलीकडे दुसरं बांधलं. तिचं समाधान झालं.

घरी जाऊन तिने तोच प्रश्न विचारला. घरातले पोट धरधरून हसले. मग "परत म्हण ना, परत म्हण ना," करत फोनवर चित्रफीत काढली आणि नातेवाइकांना पाठवली. रविवारी पाहुणे आले. त्यांच्यापुढे पुन्हा "म्हण ना!" तिने म्हटलं, पुन्हा सगळे हसले. सोमवारी ती बालवाडीत आली ती फ्रॉकचं टोक तोंडात धरून. गोष्ट ऐकायची, डबा खायची, पण प्रश्न म्हणून नाही. चार वर्षांच्या मुलीला आपल्या बोलण्यात हसण्यासारखं काय होतं ते कळत नाही. आपण हसण्यासारख्या आहोत, एवढंच कळतं.

आईशी बोलले. बिचारीला कल्पनाच नव्हती, कौतुकच चाललं होतं ना! तिने ती फीत पुसली आणि 'म्हण ना' बंद केलं. मी गणपतीपासून तिला रोज माझ्याजवळ बसवू लागले. आधी ती माझ्या कानात बोलायची, मग शेजारणीच्या. दिवाळीची सुट्टी लागायच्या आत तिने सगळ्यांदेखत विचारलं, "बाई, किल्ल्याला किल्ली कुठे असते?" कुणी हसलं नाही. चौघांनी चार उत्तरं दिली.

म्हणून म्हणते, चित्रफितीऐवजी एक साधी वही ठेवा. तारीख घाला, मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत लिहा, आणि तेव्हा काय चाललं होतं तेही दोन शब्दांत टिपा, नाहीतर वर्षाने तुम्हालाच अर्थ लागणार नाही. हसू आवरेना तर स्वयंपाकघरात जाऊन हसा. मुलाने विचित्र काही विचारलं तर आधी "तुला काय वाटतं?" असं विचारा. पुष्कळदा त्याचं उत्तर तयारच असतं, त्याला फक्त ऐकणारं कुणी हवं असतं. आणि पाहुण्यांना दाखवायला घरात दुसरं पुष्कळ असतं हो!

माझ्या वहीतली परवाची नोंद देते. आदल्या दिवशी मुलांना सांगितलं होतं, उद्या मातीकाम. सकाळी दारातच एकाने अडवलं.

"बाई, आज उद्या आहे का?"

"तुला काय वाटतं?"

त्याने माझ्या हातातल्या बादलीत डोकावून पाहिलं. "आहे," म्हणाला, आणि बाह्या वर सारल्या.