सॉफ्टवेअर-निर्मिती आणि नेतृत्व

प्रस्तावना

रेल्वेचे तिकीट आरक्षित करताना, बँकेच्या यंत्रातून पैसे काढताना किंवा मोबाइलवरून विजेचे बिल भरताना आपण एका न दिसणाऱ्या वस्तूचा उपयोग करीत असतो. ती वस्तू म्हणजे सॉफ्टवेअर. संगणकाने कोणते काम, कोणत्या क्रमाने करावे हे सांगणाऱ्या सूचनांच्या संचाला ‘आज्ञावली’ म्हणतात आणि ती लिहिणाऱ्याला ‘प्रोग्रामर’. प्रोग्रामर म्हटले की पडद्यासमोर एकटाच बसून काम करणारा बुद्धिमान माणूस डोळ्यांसमोर येतो. अशा माणसाला नेत्याची गरज असते का? की सेनेला, कारखान्याला आणि राज्यकारभाराला लागणारे नेतृत्व या बौद्धिक व्यवसायात अनावश्यक ठरते? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत पाठात काही प्रत्यक्ष घटनांच्या आधारे केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही –
• सॉफ्टवेअर-निर्मिती हे सामूहिक काम का आहे, हे सांगू शकाल;
• ‘अधिकार’ आणि ‘नेतृत्व’ यांतील फरक स्पष्ट करू शकाल;
• नेतृत्वाच्या अभावाचे परिणाम उदाहरणासह मांडू शकाल;
• आपल्या कामाच्या ठिकाणी नेतृत्वगुणांचा विचार करू शकाल.

मूळ पाठ

१. माणसे वाढली म्हणजे काम वाढते का?

शेतातील पीक कापायला दोन मजुरांना दहा दिवस लागत असतील, तर चार मजूर ते सुमारे पाच दिवसांत उरकतील. कारण शेताचे तुकडे पाडता येतात आणि एका तुकड्यावरील मजुराला दुसऱ्याशी फारसे बोलावे लागत नाही. परंतु एकच अर्ज चार जणांनी मिळून लिहायचा ठरवला तर? कोणी काय लिहायचे, कोणता शब्द वापरायचा, यावर बोलण्यातच वेळ जाईल. सॉफ्टवेअर-निर्मितीचे काम या दुसऱ्या प्रकारचे आहे. आज्ञावलीचा प्रत्येक भाग इतर भागांवर अवलंबून असतो; त्यामुळे तो लिहिणाऱ्यांनाही एकमेकांशी सतत बोलावे लागते.

हा बोलण्याचा भार किती वेगाने वाढतो, हे साध्या गणिताने कळते. पाच माणसांच्या गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी बोलायचे ठरवले, तर जोड्या १० होतात. दहा माणसांत त्या ४५ होतात. पन्नास माणसांत मात्र ही संख्या १,२२५ वर जाते. माणसे दहापट झाली, पण संवादाच्या वाटा शंभरपटींहून अधिक वाढल्या.

अमेरिकेतील आयबीएम या कंपनीने १९६४ मध्ये ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकांची मालिका जाहीर केली. या संगणकांसाठी लागणाऱ्या मुख्य प्रणालीच्या निर्मितीची धुरा फ्रेडरिक ब्रूक्स यांच्याकडे होती. काम अवाढव्य होते आणि ते वेळेत पूर्ण होईना. या अनुभवावर ब्रूक्स यांनी पुढे १९७५ मध्ये एक पुस्तक लिहिले. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर-प्रकल्पात आणखी माणसे घातली, तर त्याला आणखी उशीर होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. नव्या माणसांना काम समजावून सांगण्यात जुन्या माणसांचा वेळ जातो आणि संवादाच्या वाटाही वाढतात. हा निष्कर्ष आज ‘ब्रूक्सचा नियम’ म्हणून ओळखला जातो. कामाची विभागणी कशी करावी, कोणी कोणाशी बोलावे आणि संपूर्ण रचनेचे एकसंध चित्र कोणी मनात बाळगावे, हे ठरवणारे कोणीतरी हवे, असे त्यावरून दिसते. नेतृत्वाची पहिली गरज येथे निर्माण होते.

पाठगत प्रश्न १
(अ) पीक कापणे आणि अर्ज लिहिणे या दोन कामांत कोणता फरक आहे?
(आ) ‘ब्रूक्सचा नियम’ तुमच्या शब्दांत सांगा.

२. व्यवस्थापकांविना चालवलेली कंपनी

नेत्याची गरज नाही, असे मानणारेही पुष्कळ आहेत. त्यांचे म्हणणे सहज झटकून टाकण्याजोगे नाही. ज्याला काम कळत नाही असा वरिष्ठ कुशल माणसाच्या कामात अडथळाच आणतो, हा अनुभव अनेक व्यवसायांत येतो. गूगल या कंपनीने २००२ मध्ये याच विचारातून एक प्रयोग केला. अभियंत्यांवरील व्यवस्थापकांची पदेच काढून टाकली. अभियंते मोकळेपणाने काम करतील, नव्या कल्पना वेगाने पुढे येतील, अशी अपेक्षा होती. हा प्रयोग काही महिनेच टिकला. खर्चाच्या मंजुरीपासून आपसांतील भांडणांपर्यंतची लहानसहान प्रकरणे थेट कंपनीच्या संस्थापकांकडे येऊ लागली. नेते नाहीसे केल्याने नेत्यांची कामे नाहीशी झाली नाहीत. ती सर्वांत वरच्या माणसाच्या दारात जाऊन साचली.

पुढे काही वर्षांनी याच कंपनीने, चांगल्या व्यवस्थापकामुळे खरोखर काही फरक पडतो का, याचा अभ्यास हाती घेतला. ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ हे त्याचे नाव. फरक पडतो, असेच उत्तर मिळाले. ज्यांचे व्यवस्थापक चांगले होते, ते कर्मचारी अधिक समाधानी होते आणि नोकरी सोडून जाण्याचे त्यांचे प्रमाण कमी होते. चांगल्या व्यवस्थापकाच्या आठ गुणांची यादी त्यातून तयार झाली. यादीत पहिले स्थान मिळाले ते सहकाऱ्यांना मार्गदर्शन करून घडवण्याच्या गुणाला. प्रत्येक बाबतीत नाक न खुपसता सहकाऱ्यांवर विश्वास टाकणे, हा गुण त्यानंतर आला. तांत्रिक कौशल्याचा क्रमांक मात्र आठवा, म्हणजे शेवटचा होता. तांत्रिक ज्ञान नको, असा याचा अर्थ नव्हे. ते यादीत होतेच. मात्र तेवढ्याच बळावर कोणी चांगला नेता होत नाही.

३. स्वयंसेवकांचे नेतृत्व

पगार देणारी कंपनीच नसेल, तर नेतृत्व कसे चालेल? फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ‘लिनक्स’ या प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. जगभरातील प्रोग्रामरांनी त्यात भर घातली. आज अँड्रॉइड मोबाइल फोनमध्येही हाच गाभा असतो.

वरवर पाहता हे काम म्हणजे ‘येणाऱ्याने यावे, हवे ते लिहावे’ असा मुक्त कारभार वाटतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. लिनक्सच्या निरनिराळ्या विभागांसाठी स्वतंत्र जबाबदार व्यक्ती नेमलेल्या असतात. कोणी बदल सुचवला, की तो आधी त्यांच्या तपासणीतून जातो. त्यानंतरच तो टॉरवाल्ड्स यांच्यापर्यंत पोहोचतो. येथे कोणालाही आज्ञा करता येत नाही, कारण पुष्कळसे लोक त्यांच्या नोकरीत नाहीत. तरीही निर्णय मानला जातो, तो निर्णय देणाऱ्याच्या जाणकारीवर विश्वास असतो म्हणून.

या उदाहरणाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. टॉरवाल्ड्स यांची भाषा अनेकदा अतिशय कठोर असे. सदोष आज्ञावली पाठवणाऱ्यांना ते सर्वांसमक्ष अपमानास्पद शब्द ऐकवीत. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यांनी आपल्या वागण्याबद्दल जाहीर क्षमा मागितली आणि काही काळ कामातून विश्रांती घेतली. त्याच सुमारास या प्रकल्पाने परस्परांशी सभ्यतेने वागण्याची नवी आचारसंहिताही स्वीकारली. ज्याचे तांत्रिक श्रेष्ठत्व वादातीत आहे, अशा नेत्यालाही माणसांना कसे वागवावे हे शिकावे लागते, हा त्यातील बोध होय.

पाठगत प्रश्न २
(अ) गूगलने व्यवस्थापकांची पदे काढून टाकल्यावर काय घडले?
(आ) लिनक्सच्या कामात निर्णय कशाच्या बळावर मानले जातात?

४. नेतृत्व कमी पडते तेव्हा

चुकीच्या आज्ञावलीमुळे कधी तिकीट मिळत नाही, कधी पैसे अडकतात. परंतु कधी कधी माणसाचा जीवही जातो. ‘थेरॅक-२५’ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र कॅनडातील अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या सरकारी कंपनीने तयार केले होते. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडा येथे या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक किरणांचा मारा केला. त्यांतील काही रुग्ण दगावले.

आज्ञावलीत दोष होते, हे खरे. परंतु एवढे म्हणून थांबता येत नाही. ही आज्ञावली मुख्यतः एकाच माणसाने लिहिली होती आणि तिची स्वतंत्रपणे काटेकोर तपासणी झाली नव्हती. आधीच्या यंत्रात सुरक्षेसाठी असलेले यांत्रिक अडसर नव्या यंत्रात काढून टाकले होते. सर्व भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. रुग्णालयांतून तक्रारी आल्या, तेव्हा अतिरिक्त मारा होणे शक्यच नाही, असे कंपनीकडून सांगण्यात आले. लिहिणारा एक माणूस चुकू शकतो. त्याची चूक इतरांच्या नजरेस पडेल, अशी व्यवस्था उभी करणे हे नेतृत्वाचे काम होते. ते झाले नाही.

या कथेत खरे नेतृत्व दिसले ते अनपेक्षित ठिकाणी. अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या टायलर या गावी रुग्णालयात काम करणाऱ्या पदार्थवैज्ञानिकाने कंपनीच्या उत्तरावर समाधान मानले नाही. यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञ महिलेला सोबत घेऊन त्याने तो प्रसंग पुन्हा पुन्हा करून पाहिला. यंत्रात भरलेली माहिती फार जलद दुरुस्त केली, की गोंधळ होतो, हे त्यांनी शोधून काढले. कंपनीतील कोणताही अधिकार त्यांच्याकडे नव्हता. त्यांच्याकडे होती ती जबाबदारीची जाणीव.

५. ‘असे होणारच नाही’ म्हणणाऱ्यांसमोर

अमेरिकेच्या चांद्रमोहिमेतील यान-संगणकाची आज्ञावली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत लिहिली गेली. तेथील सॉफ्टवेअर-विभागाचे नेतृत्व मार्गारेट हॅमिल्टन यांनी केले. त्या आपल्या लहान मुलीला कधी कधी कामावर घेऊन येत. एकदा त्या मुलीने खेळता खेळता सराव-यंत्रावरील कळा दाबल्या आणि उड्डाणापूर्वीचा कार्यक्रम उड्डाण चालू असतानाच सुरू झाला. त्यामुळे सारी प्रणाली कोलमडली. अंतराळवीराच्या हातून हीच चूक झाली तर? अशी चूक रोखणारी तरतूद आज्ञावलीत करावी, असे हॅमिल्टन यांनी सुचवले. इतके प्रशिक्षित अंतराळवीर अशी चूक करणार नाहीत, असे उत्तर त्यांना मिळाले. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ चंद्राची प्रदक्षिणा करून परतत असताना जिम लोवेल यांच्या हातून नेमकी तीच कळ दाबली गेली. यानाचे स्थान व दिशा सांगणारी माहिती पुसली गेली आणि ती मोठ्या प्रयासाने पुन्हा उभी करावी लागली.

पुढे २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरत असताना संगणकावर कामाचा बोजा वाढून धोक्याचे इशारे येऊ लागले. तेव्हा बिनमहत्त्वाची कामे बाजूला सारून अत्यावश्यक कामे पुढे चालू ठेवण्याची सोय आज्ञावलीत होती. यान सुखरूप उतरले. हे यश एका व्यक्तीचे नव्हते. ती सोय अनेकांच्या विचारातून घडली होती. चूक होणारच, असे गृहीत धरून तिच्यासाठी आधीच तयारी करणारी कार्यसंस्कृती त्यामागे होती. अशी संस्कृती रुजवणे हेच तांत्रिक नेतृत्वाचे सर्वांत मोठे कार्य होय. हॅमिल्टन यांना २०१६ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान देण्यात आला.

६. समारोप

या उदाहरणांवरून मूळ प्रश्नाचे उत्तर मिळते. सॉफ्टवेअर-अभियंत्यांना नेतृत्वाची गरज असते; परंतु पाठीशी उभे राहून घाई करणाऱ्या मुकादमाची नसते. काम नीट वाटणारा, शंका विचारणाऱ्याला धीर देणारा, चूक दाखवणाऱ्याचे आभार मानणारा आणि वाईट बातमीही ऐकून घेणारा नेता त्यांना हवा असतो. असा नेता मोठ्या पदावरच असतो, असे नाही. टायलरच्या रुग्णालयात तो यंत्राजवळ उभा होता. पद दुसऱ्याने दिल्यावर मिळते. जबाबदारी मात्र ज्याची त्याने उचलायची असते. ही गोष्ट संगणकाच्या व्यवसायाइतकीच शिवणयंत्रांच्या कारखान्यात, बचत गटात आणि बांधकामावरही खरी आहे.

शब्दार्थ
धुरा – जबाबदारी, कामाचा भार
भिस्त – भरवसा
अडसर – अडवणारी वस्तू, अटकाव
वादातीत – ज्याविषयी वाद होऊ शकत नाही असे
आचारसंहिता – वागणुकीचे नियम
मुकादम – मजुरांवर देखरेख करणारा

पाठान्त प्रश्न
१. नेत्यांची पदे काढली, तरी नेत्यांची कामे उरतातच, हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. थेरॅक-२५ च्या दुर्घटनांना केवळ प्रोग्रामर जबाबदार होता का? तुमचे मत कारणांसह लिहा.
३. ‘चूक होणारच, असे गृहीत धरून तयारी करणे’ या विचाराचे तुमच्या व्यवसायातील किंवा घरातील एक उदाहरण द्या.
४. पद नसतानाही जबाबदारी उचलणाऱ्या, तुमच्या पाहण्यातील एका व्यक्तीविषयी दहा ओळी लिहा.