कुंडी भंडाऱ्याचे पाणी नितळ का?

पावसाळ्यात तापी गढूळ होते. पण सातपुड्यातून झिरपून कुंडी भंडाऱ्यात येणारे पाणी नितळ असते. १६१५ साली, जहांगीर बादशहाच्या अमदानीत, खानखानान अब्दुर्रहीम यांच्या कारकीर्दीत बांधलेली ही भुयारी योजना आपल्या बऱ्हाणपूरचे भूषणच होय.

माती म्हणजे चाळणी, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. छिद्राहून कितीतरी बारीक कणही जमिनीत अडकतात. पाणी तेथे अत्यंत संथ चालते, त्यामुळे जड कण आपल्या भाराने वाळूच्या दाण्यांवर बसतात. अतिसूक्ष्म कणांना पाण्याचे रेणू सारखे धक्के देत असतात. ते भिरभिरत दाण्यांवर आदळतात व चिकटतात. निसटतात ते मधले, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे. आणि गंमत अशी, की पुष्कळसे रोगजंतू साधारण याच मापाचे असतात! सबब, पाणी नितळ दिसले तरी मुलाबाळांस उकळूनच द्यावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

चुन्याची गोष्ट निराळी. तो पाण्यात विरघळलेला असल्याने कोणत्याही थरातून पार होतो आणि भुयारात पाण्यातील वायू उडून जाताच भिंतींवर पुटे धरतो.

अडकलेला गाळही जागा व्यापतोच. डोंगरउतारावरील झाडी तुटली की पावसाबरोबर बारीक माती वाहून येते, वरच्या थरातील छिद्रे बुजतात व पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते. विहीर उपसता येते. खोलवर बुजलेला थर तसा उपसता येत नाही.