विमानाच्या तिकिटात हिरवी भर

छत्तीसगडमधल्या अभनपूरकरांना विमान जवळचंच. धमतरी रस्त्याने रायपूरकडे निघालं की वाटेत मानाला स्वामी विवेकानंद विमानतळ. एक किलो विमान-इंधन जळलं की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. रायपूर-मुंबई उड्डाणात ढोबळमानाने माणशी ८०-९० किलो. काही विमान कंपन्या तिकिटावर थोडे जास्त पैसे घेऊन तेवढा कार्बन वृक्षलागवड किंवा सौरप्रकल्पातून भरून काढायचा पर्याय देतात.

सर्वेक्षणात प्रवासी ‘देऊ की’ म्हणतात. पैसे भरणारे मूठभरच. याला कंजूषपणा म्हणणं अन्यायाचं आहे. पैसे कुठे जातात ते दिसत नाही आणि शंकेला आधारही आहे. ‘द गार्डियन’ आणि सहकारी माध्यमांनी जानेवारी २०२३ मध्ये दाखवलं, की कार्बन-भरपाईची क्रेडिट प्रमाणित करणाऱ्या व्हेरा संस्थेच्या तपासलेल्या वर्षावन-क्रेडिटपैकी ९० टक्क्यांहून अधिक बहुधा पोकळ आहेत. व्हेराने ते नाकारलं. मार्च २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने केएलएम या डच विमान कंपनीच्या जुन्या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या ठरवल्या. त्यात झाडं लावून विमानप्रवासाचा परिणाम कमी होतो, हा दावाही होता.

कोर्सिया ही जागतिक भरपाई योजना भारताला २०२७ पासून बंधनकारक होईल, पण फक्त आंतरराष्ट्रीय उड्डाणांपुरती. रायपूर-मुंबई तिच्याबाहेरच.

वेळ हाताशी असेल तर रेल्वे सरस. ३० मार्च २०२५ पासून अभनपूर-रायपूर मेमू धावते; पुढे मुंबईला गीतांजली, पुण्याला आझाद हिंद.